डुक्कर कुणाचे, घाण कुणाची? : न आखलेल्या एका कत्तलखान्याचा इतिहास

१

ग्रामीण महाराष्ट्राच्या विकासाची जी पुस्तके आम्ही महाविद्यालयात शिकवतो, त्यांत उसाचा इतिहास असतो, दुधाचा असतो, द्राक्षांचा आणि कोंबड्यांचाही असतो. डुकराचा इतिहास त्यांत नसतो. गावाच्या उकिरड्यावर, ओढ्याच्या काठाला, बाजारतळाच्या मागे जे जनावर पिढ्यान्‌पिढ्या वावरले, ज्याच्यावर गावकुसाबाहेरच्या शेकडो घरांची चूल पेटली, ते जनावर विकासाच्या कागदावर येत नाही. आणि कधी आलेच तर ते डुक्कर म्हणून येत नाही. 'वराहपालन' म्हणून येते. अनुदान देताना सरकार संस्कृत बोलते. नगरपालिकेची नोटीस निघते तेव्हा मात्र 'मोकाट डुकरांचा बंदोबस्त' असे शुद्ध मराठी वापरले जाते. या दोन शब्दांच्या मध्ये जे अंतर आहे, त्यात आमचा इतिहास आहे.

मी कैकाडी समाजातला. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. सध्या राजारामपुरीत भाड्याने राहतो. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १९२२ ते १९४० या काळात आकाराला आलेला कोल्हापूरचा हा भाग. गल्ल्या सरळ, आणि नावांऐवजी आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या. आखणीची ही परंपरा कोल्हापूरला नवी नाही. त्याआधी राजर्षी शाहूंनी शाहूपुरीची पेठ वसवली, १९१७ साली जयसिंगपूर आखले, राधानगरीचे धरण हाती घेतले. म्हणजे आखणी कशी करावी हे या भूमीला ठाऊक होते. मग डुकराचे मांस खाणारी माणसे या जिल्ह्यात शतकानुशतके राहत असताना, ते मांस स्वच्छ जागी, स्वच्छ पाण्याने, तपासणी करून कापले जावे अशी एक लहानशी जागा खेड्यापाड्यांत का आखली गेली नाही? प्रश्न चार भिंतींचा आणि एका मोरीचा दिसतो. त्याचे उत्तर मात्र समाजव्यवस्थेच्या पोटात शिरल्याशिवाय सापडत नाही.

२

हिंदू परंपरेला डुकराची किळस आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. वराह हा विष्णूचा अवतार. बदामीच्या चालुक्यांचे राजचिन्ह वराह होते. त्यांच्या लेण्यांत पृथ्वीला उचलून धरणारा वराह आजही पाहायला मिळतो. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्याला 'वराह' म्हणत. दगडात कोरलेला आणि सोन्यावर उमटलेला वराह पूज्य ठरला. राजेरजवाड्यांनी भाल्याने मारलेले रानडुक्कर मर्दुमकीचे ठरले. शिकारीचा हा छंद कोल्हापूरच्या दरबारातही होता, आणि रानडुकराच्या मटणाची चव सांगताना आजही अनेक प्रतिष्ठित घरांत माणसे खुलतात. त्या मांसाने कुणाची जात बाटली नाही.

किळस आहे ती गावडुकराची. म्हणजे किळसेचे मूळ प्राण्यात नाही. तो कुणाच्या दाराशी बांधलेला आहे, यात आहे. इंग्रज अंमलदारांनी गॅझेटियरे लिहिली, जातींच्या याद्या केल्या, तेव्हा वडार आणि कैकाडी डुकराचे मांस खातात ही नोंद त्यांत आली. ती नोंद आहाराची म्हणून झाली नाही, पायरी दाखवण्यासाठी झाली. कोण काय खातो यावरून कोण कुठे बसतो हे ठरवण्याची इथली जुनी रीत साहेबाने छापून पक्की केली.

आमच्या लोकांनी डुक्कर का पाळले, याचे उत्तर धर्मात शोधण्याची गरज नाही. गाईला गवत लागते आणि गवताला रान लागते. शेळीला निदान बांध लागतो. ज्याला ना रान, ना बांध, त्याला पाळता येईल असे जनावर कोणते? जे गावाने टाकलेल्यावर जगते ते. डुकरिणीचा गाभणकाळ ११४ दिवसांचा. वर्षातून दोनदा विते, आणि एका वेताला आठ-दहा पिल्ले देते. भूमिहीनाची ही बँक होती. माझे आबा गावाच्या धान्यासाठी कणग्या विणत. आमच्या घरात कणगी भरावी इतके धान्य कधी नसे, म्हणून मागे डुकरे. ते म्हणत, "जनावर आपलं, पर चारा गावाचा." त्या वाक्यात किती अर्थशास्त्र आहे, ते मला इतिहास शिकवायला लागल्यावर कळले.

त्यात इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणला. कैकाड्यांसारख्या जाती पुढे जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली, फासेपारध्यांना जवळ करून काम दिले. इंग्रजी मुलखात मात्र तो कायदा १९५२ पर्यंत अंगावर होता. ३१ ऑगस्ट १९५२ ला आम्ही 'विमुक्त' झालो. पण विमुक्त म्हणजे काय याचेही धड उत्तर नाही. विदर्भातला कैकाडी अनुसूचित जातीत, आणि माझ्या जिल्ह्यातला विमुक्त जातीत. एकाच जातीचा माणूस जिल्हा ओलांडला की वेगळ्या यादीत जातो, आणि एका यादीसाठी केलेली योजना दुसऱ्या यादीतल्याच्या दारावरून निघून जाते. डुक्कर मात्र दोन्हीकडे तेच असते.

३

आता घाणीचा प्रश्न. डुकराचे मांस रोगट असते, असे आपल्या चळवळीतले शिकलेले कार्यकर्तेही म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण ते तथ्य पूर्ण सांगितले पाहिजे.

डुकराच्या मांसात कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढ्या पाणीदार गाठी असतात. त्या टेपवर्म नावाच्या, पट्टीसारख्या लांब जंताच्या पिल्लांच्या गाठी. असे मांस अर्धेकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात तो जंत वाढतो. पण डुकराच्या अंगात त्या गाठी येतात कुठून? माणसाच्या विष्ठेतून. ज्याच्या पोटात जंत आहे तो माणूस उघड्यावर बसतो, डुक्कर ते खाते, आणि जंताची अंडी त्याच्या अंगात जाऊन गाठी धरतात. म्हणजे डुकराने माणसाला रोग देण्याआधी माणसाने डुकराला तो दिलेला असतो.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. याच अंड्यांनी माणसाच्या मेंदूत गाठी होतात आणि फिट येऊ लागतात. आपल्याकडे फेफऱ्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. मेंदूतल्या या गाठी डुकराचे मांस खाऊन थेट होत नाहीत. माणसाच्या विष्ठेतली अंडी हातावाटे, पाण्यावाटे, न धुतलेल्या भाजीवाटे पोटात गेली की होतात. म्हणूनच ज्याने जन्मात मांसाला हात लावला नाही, अशा शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. जंत जात पाहत नाही. सगळ्या गावाने ओढ्याकाठी जे टाकले ते सगळ्या गावाच्या ताटात परत येते. दोष मात्र डुकराला आणि डुकरवाल्याला लागतो. गावाची घाण डुकराने खाल्ली म्हणून डुक्कर घाण, आणि ते डुक्कर आम्ही खाल्ले म्हणून आम्ही घाण. ही साखळी जिथून सुरू होते ते टोक कुणी हातात धरत नाही.

२००० सालापासून महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावोगाव संडास बांधले गेले. ही चांगलीच गोष्ट झाली. त्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. उघड्यावरची विष्ठा संपली की जंताची साखळी तुटते. म्हणजे इतिहासात पहिल्यांदाच गावात निरोगी डुक्कर पाळणे शक्य होऊ लागले होते. पण नेमक्या त्याच वेळी, स्वच्छ गावाचे बक्षीस मिळवायचे म्हणून अनेक ठिकाणी डुकरवाल्यांना 'डुकरे हलवा' असे सांगण्यात आले. आम्हालाही सांगण्यात आले. मी तेव्हा शाळेत होतो. एका ठेकेदाराची माणसे फासे घेऊन आली आणि आमची चौदा डुकरे घेऊन गेली. पावती नाही, पैसा नाही. आई नंतर बरेच दिवस हॉटेलातले खरकटे आणायला त्याच वेळेला उठत असे, आणि मग आठवण झाली की परत आडवी होत असे.

अशा वेळी सत्ता कुणाच्या पोटावर पाय देते हे सगळ्या जगात सारखेच आहे. २००९ साली स्वाइन फ्लूची साथ आली. तो रोग माणसाकडून माणसाला होत होता. पण इजिप्तच्या सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारून टाकण्याचा हुकूम काढला. ती डुकरे होती कुणाची? कैरो शहराचा कचरा वेचणाऱ्या 'जब्बालीन' लोकांची. त्यांतले बहुसंख्य अल्पसंख्य ख्रिस्ती. शहराचे ओले खरकटे हीच डुकरे संपवत होती. डुकरे मेली आणि कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साठले. साथ काही त्याने थांबली नाही.

४

स्वतंत्र भारताच्या नियोजनात डुकराचा विचार झालाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोरिवली, अलीगढ, हरिणघाटा, रांची, गन्नावरम, कूथाट्टुकुलम अशा ठिकाणी सरकारी बेकन कारखाने निघाले. विलायती पांढऱ्या यॉर्कशायर जातीची डुकरे पैदास केंद्रांत वाढवली गेली. मुंबईत १९७१ साली देवनारचा मोठा कत्तलखाना सुरू झाला, त्यात डुकरांसाठी वेगळा विभाग ठेवला गेला. पण हा सारा विचार शहरातल्या टेबलावरच्या हॅम, बेकन आणि सॉसेजचा होता. गावडुकराचा आणि ते कापून खाणाऱ्या वस्तीचा त्यात पत्ता नव्हता. शेजारच्या गोव्याकडे पाहा. तिथेही गावचे डुक्कर एके काळी संडासामागेच वाढत असे. पण खाणारा समाज प्रतिष्ठित होता, म्हणून त्या मांसाचे चोरिस आणि सोरपोतेल लग्नाच्या पंगतीत गेले. प्राणी तोच, खाद्य तेच. खाणाऱ्याची सत्ता वेगळी.

आपल्या पश्चिम महाराष्ट्राला सहकाराचा अभिमान आहे. तो असायला हवा. आमच्या जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली उभा राहिला आणि दोन म्हशींच्या बाईलाही दर दहा दिवसांचा हिशेब मिळू लागला. पण ज्या डेन्मार्कचे दाखले सहकाराच्या व्याख्यानांतून देतात, त्या डेन्मार्कमध्ये सहकाराने दुधाबरोबर डुक्करही हाती घेतले, हे व्याख्याते सांगत नाहीत. १८८७ साली जर्मनीने डॅनिश डुकरे घेणे बंद केले. त्याच साली हॉर्सेन्स या गावी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पहिला सहकारी डुक्कर कत्तलखाना काढला. जनावरे कितीही असोत, माणशी एक मत. तिथल्या लहान शेतकऱ्याच्या उन्नतीत त्या कत्तलखान्यांचा मोठा वाटा आहे. आम्ही तो सहकार आणला, पण त्यातले डुक्कर वेशीबाहेर ठेवले.

हीच वेस राज्यघटनेच्या याद्यांतही सापडते. १९९२ च्या दुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना विषय वाटून दिले. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत कत्तलखान्यांचे नियमन हा विषय आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय, कुक्कुटपालन आहे, कत्तलखाना नाही. खेड्यात जनावर वाढते एवढे नियोजनाला दिसते, ते कुठेतरी कापलेही जाते हे दिसत नाही. २००१ साली कत्तलखान्यांचे नियम आले, त्यांत दिवसाला दहा किंवा अधिक जनावरे कापली जातात ती जागा कत्तलखाना, अशी व्याख्या आहे. आठवड्याला दोन डुकरे कापणारी वस्ती त्या व्याख्येत बसतच नाही. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत लहानांना साध्या नोंदणीची सोय आहे. पण नोंदणीला स्वच्छतेच्या अटी, अटींना पक्की जागा, आणि जागा तर आमच्याकडे मसणवट्यालाही नाही. २०२१ पासून राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला पन्नास टक्के भांडवली अनुदान आहे, तीस लाखांपर्यंत. पूर्ण तीस लाखांसाठी शंभर माद्या आणि दहा नर पाहिजेत. शंभर माद्यांचा गोठा ज्याला बांधता येतो, त्याच्याकडे जमीनही असते आणि बँकेत पतही असते. आबांकडे चौदा होती.

२०१२ साली देशात एक कोटी तीन लाखांच्या आसपास डुकरे होती. २०१९ च्या पशुगणनेत ती सुमारे ९० लाख ६० हजारांवर आली. हे आकडे जनावरांचे आहेत. त्यांच्यामागची माणसे कुठे गेली, हे मोजण्याचा रकाना पशुगणनेत नसतो.

५

लहान कत्तलखाना म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. न समजता केलेली मागणी अधिकारी एका प्रश्नात उडवून लावतो.

आज वस्तीत काय होते? डुक्कर पळवून, दमवून धरतात. ते जिवाच्या आकांताने ओरडते. मग भोसकतात, पेंढ्यावर किंवा जुन्या टायरवर भाजतात, जमिनीवरच चिरतात. रक्त मातीत जाते, आतडी कुत्री ओढतात, टायरचा धूर मांसाला लागतो. त्यात क्रौर्य आहे आणि धोकाही आहे. आमचे आहे म्हणून मी ते झाकणार नाही.

यातले प्रत्येक पाऊल थोड्या खर्चात बदलता येते. जनावर आदल्या दिवशी आणून सावलीच्या कोठ्यात ठेवायचे. खाणे बंद, पाणी भरपूर. त्यामुळे पोट रिकामे राहते आणि जनावर शांत होते. कापण्यापूर्वी बेशुद्ध करायचे. कप्पीने मागच्या पायांना उलटे टांगून रक्त पन्हळीवाटे वेगळ्या टाकीत धरायचे. मग साठ अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्याच्या हौदात बुडवून केस खरवडायचे. पाणी त्याहून फार गरम झाले तर कातडे शिजते आणि केस अडकतात. टायर लागत नाही, धूर होत नाही. गुदद्वार बांधून मगच आतडी काढायची, म्हणजे त्यातली घाण मांसाला लागत नाही. जीभ, हृदय, खांद्याचे मांस चिरून पशुवैद्यकाने गाठी पाहायच्या. सापडल्या तर ते जनावर बाद, आणि त्याची भरपाई पंचायतीने द्यायची. भरपाई नसेल तर गरीब माणूस रोगट डुक्कर तपासणीला आणणारच नाही, ते पुन्हा मागल्या दारी कापले जाईल.

जागेच्या आखणीचे तत्त्व एकच : काम घाणेरड्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे सरकत जावे, आणि माणूस, पाणी, हत्यार यांपैकी काहीही उलटे फिरू नये. जिवंत जनावराचे दार वेगळे, मांसाचे वेगळे. मांस जमिनीला टेकू नये. फरशीला उतार, मोरीला जाळी, खिडक्यांना जाळी, भोवती कुंपण. एका डुकरामागे काहीशे लिटर पाणी लागते, तेव्हा नळ आधी आणि भिंत नंतर. बाद मांसासाठी खोल, झाकणाचा खड्डा. सांडपाणी ओढ्यात न सोडता शोषखड्ड्यात. आणि कामगाराला बूट, साबण, संडास. आठवड्याला आठ-दहा डुकरांसाठी यापेक्षा मोठे काही लागत नाही. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांना जी जागा, जे पाणी, जी वीज मिळाली, त्याहून ही मागणी फार मोठी नाही.

६

यावर आपल्यातूनच एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. बाबासाहेबांनी गलिच्छ धंदे सोडायला सांगितले. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत मृतमांस सोडण्याचा आदेश त्यांनी दिला. मग तुम्ही आम्हाला पुन्हा डुकरात का ढकलता? फरशी बसवली म्हणून जातीचा धंदा जातीचा राहायचा थांबतो काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मी आदर करतो. धंद्याचे गोडवे गाऊन माणसाला त्याच धंद्यात ठेवणारे सुधारक आपण पुष्कळ पाहिले आहेत. पण महाडला दोन गोष्टी एकत्र घडल्या हे विसरता कामा नये. एकीकडे नकार होता : मेलेल्या ढोराचे मांस खाणार नाही. दुसरीकडे हक्क होता : १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक ठरलेले पाणी पिणार. लाचारीने वाट्याला आलेले मेलेले ढोर नाकारणे वेगळे, आणि आपल्या कष्टाने पाळलेले जनावर स्वच्छ जागी कापून खाणे वेगळे. पहिल्यात गाव देणारा आणि आपण घेणारे. दुसऱ्यात आपण नागरिक, आणि पाणी, मोरी, पशुवैद्य ही सार्वजनिक सोय.

म्हणून माझी मागणी जातीच्या धंद्याच्या सुधारणेची नाही. कत्तलखाना पंचायतीचा असावा, कैकाड्यांचा किंवा वडारांचा नसावा. तिथले काम पगाराचे असावे, कोणत्याही जातीच्या प्रशिक्षित माणसाला खुले असावे, आणि कुणावरही जन्माने लादलेले नसावे. डुकरे पाळणाऱ्यांची सहकारी संस्था असावी, तीत माणशी एक मत असावे, आणि तीत बायकांची नावे असावीत, कारण डुकरांना खाऊ घालण्याचे काम त्याच करतात. ज्याला धंदा सोडायचा आहे त्याच्या मुलाला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह आधी मिळावे. मी स्वतः तो धंदा सोडून शिकलेला माणूस आहे. म्हणून ज्यांना सोडता आला नाही त्यांनी उकिरड्यावर कापून खावे, असे म्हणण्याचा अधिकार मला मिळत नाही.

कोल्हापुरात २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला तेव्हा कृती समित्या उभ्या राहिल्या, बैठका झाल्या, विक्रेत्यांना बोलावून दर ठरवून घेतले गेले. मांस हा सार्वजनिक प्रश्न आहे हे या शहराने स्वतःच मान्य केले आहे. आपल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे : आपल्या भागात डुकरे पाळणारी घरे मोजावीत, आठवड्याला किती डुकरे कापली जातात त्याची नोंद करावी, पाण्याची आणि जागेची सोय पाहावी, आणि तो कागद घेऊन ग्रामसभेत उभे राहावे. वराहपालन हा शब्द वापरू नये. डुक्कर म्हणावे, आणि इतिवृत्तात तोच शब्द लिहून घ्यावा.